अप्लाइड केमिस्ट्री: आधी सूत्रातला आकडा कुठून आला ते शोधा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी शाळांतून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. दहावीपर्यंत सगळं मराठीत, मग दोन वर्षं पीयूसी इंग्रजीत, आणि लगेच व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) केमिस्ट्री सायकल. मीही याच वाटेनं आले आणि आता पहिल्या वर्षाची केमिस्ट्री लॅब घेते. पहिली आयए (कॉलेजची अंतर्गत परीक्षा) झाली की दरवर्षी कुणीतरी दारात येऊन उभं राहतं: "मॅडम, सगळं पाठ केलंय, पण गणित आलं की काय सुद्धा समजंना झालंय."

पाठ केलेलं असतं हे खरं. वहीत सूत्रं असतात, व्याख्या असतात, हायलायटरनं रंगवलेल्या झेरॉक्स असतात. मी एकच प्रश्न विचारते: सीओडीच्या (पाण्यातली घाण जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्या मापाच्या) सूत्रात 8 आहे, तो कुठला? तिथं गप्प बसतात. आणि माझ्या मते या विषयाच्या अभ्यासाची सुरुवात तिथूनच करायला हवी. अप्लाइड केमिस्ट्रीच्या जवळपास प्रत्येक सूत्रात एक विचित्र आकडा बसलेला असतो: 8, 87.6, 0.0591, 0.09. तो आकाशातून पडलेला नाही. कुणीतरी एककं बदलली, कुणीतरी इलेक्ट्रॉन मोजले, म्हणून तो तिथं आहे. तो स्वतःच्या हातानं एकदा काढलात की सूत्र पाठ करावं लागत नाही, आणि त्यामागची थिअरीही निम्मी होऊन जाते.

म्हणून मॉड्यूल एकच्या पहिल्या पानापासून वाचत बसू नका. लॅब मॅन्युअल आधी उघडा.

घरचं पाणी घेऊन या

पाण्याच्या हार्डनेसचा प्रयोग सगळ्यात चांगला, कारण त्याचा माल फुकट मिळतो. लॅबमधल्या डब्यातला नमुना तर कराच, पण एक स्वच्छ बाटली घरच्या पाण्यानं दोनतीनदा विसळून, काठोकाठ भरून आणा आणि शिक्षकांना विचारून तेही तपासा. एकाच बॅचमध्ये जांबोटीकडचं जांभ्या दगडातलं विहिरीचं पाणी आणि अथणीकडचं काळ्या मातीतलं बोअरचं पाणी शेजारीशेजारी आलं की कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. अथणीकडच्या पाण्याचा आकडा बराच वर जातो. घरी साबणाला फेस का येत नाही आणि हीटरच्या कॉइलवर पांढरा थर का बसतो, हे त्या मुलाला तिथंच कळतं.

आता हिशेब. 50 मि.ली. पाणी पिपेटनं कोनिकल फ्लास्कमध्ये घेतलं, अमोनिया-अमोनियम क्लोराइडचा बफर घातला, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी (रंग दाखवणारा इंडिकेटर) टाकलं, पाणी द्राक्षाच्या रसासारखं लालसर झालं. ब्युरेटमधून 0.01 मोलर ईडीटीए सोडत गेलात आणि समजा 14.0 मि.ली.ला रंग स्वच्छ निळा झाला. सूत्रात आकडे टाकायच्या आधी असं बोला: 0.01 मोलर म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 0.01 मिलिमोल ईडीटीए. ईडीटीएचा एक रेणू धातूच्या एकाच आयनाला पकडतो, मग तो कॅल्शियम असो की मॅग्नेशियम. म्हणजे एका मिलिलिटरनं 0.01 मिलिमोल धातू पकडला. आपण सगळा हार्डनेस कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सांगतो, त्याचं रेणुवस्तुमान 100. म्हणून 1 मि.ली. ईडीटीए बरोबर 1 मि.ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेट. 14 मि.ली. म्हणजे 14 मि.ग्रॅ., तेही 50 मि.ली. पाण्यात. लिटरला वीसपट: 280 मि.ग्रॅ., म्हणजेच 280 पीपीएम.

बघा, सूत्र कुठं लागलं? भारतीय मानक आयएस 10500 मध्ये पिण्याच्या पाण्याची स्वीकारार्ह मर्यादा 200 मि.ग्रॅ. प्रति लिटर आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. तुमचं पाणी त्यात कुठं बसतं ते वहीत लिहा.

मग "का"चे प्रश्न विचारा, कारण व्हायवात तेच येतात. बफर 10 पीएचचाच का? पीएच कमी असेल तर ईडीटीएवर हायड्रोजन चिकटलेले राहतात आणि धातूवरची त्याची पकड ढिली पडते. फार वाढवला तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. 10 ही मधली सोयीची जागा. रंग शेवटी का बदलतो? इंडिकेटरनं धातू धरलेला असतो, पण ईडीटीएची पकड जास्त घट्ट. मोकळा धातू संपला की ईडीटीए इंडिकेटरच्या हातातला धातूही काढून घेतं, आणि मोकळ्या इंडिकेटरचा निळा रंग दिसतो. या चार ओळी तुम्हाला शेजाऱ्याला मराठीत सांगता आल्या की प्रयोग झाला.

8 आणि 87.6

सीओडीचं सूत्र: ब्लँकचं (नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेतलेलं) रीडिंग वजा नमुन्याचं रीडिंग, गुणिले एफएएसची (फेरस अमोनियम सल्फेटची) नॉर्मॅलिटी, गुणिले 8000, भागिले नमुन्याचे मि.ली. 8000 मधला हजार मिलिग्रॅमसाठी आणि लिटरसाठी. उरला 8. ऑक्सिजनचा एक अणू 16, तो दोन इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून एका इलेक्ट्रॉनच्या वाट्याला 8. झालं. डायक्रोमेटनं सेंद्रिय घाण जाळली, पण तेच काम ऑक्सिजननं केलं असतं तर किती लागला असता, असं आपण विचारतो आहोत. फरक 4.0 मि.ली. आला, नॉर्मॅलिटी 0.1, नमुना 20 मि.ली. तर 4 × 0.1 × 8000 ÷ 20 = 160 मि.ग्रॅ. प्रति लिटर.

हा प्रयोग आपल्या भागात पुस्तकातला राहत नाही. कृष्णा, दूधगंगा, घटप्रभेच्या काठानं साखर कारखाने आहेत, मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलऱ्या आहेत. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचा (अल्कोहोल काढल्यावर उरलेल्या सांडपाण्याचा) सीओडी लाखाच्या घरात जातो, आणि प्रक्रिया करून नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा 250 आहे. हे दोन आकडे समोरासमोर ठेवले की ट्रीटमेंट प्लँटचा धडा वेगळ्या डोळ्यांनी वाचला जातो. इतका जड नमुना तसाच घेतला तर फ्लास्कमधलं सगळं डायक्रोमेट खर्च होऊन द्रावण हिरवं पडतं, म्हणून आधी तो कितीतरी पट पातळ करावा लागतो. हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिणारा विद्यार्थी तपासणाऱ्याला लगेच वेगळा दिसतो.

करोजन रेटचं, म्हणजे धातू गंजून झिजण्याच्या वेगाचं, सूत्र तर मुलं डोळे मिटून म्हणतात: के गुणिले वजनातली घट, भागिले क्षेत्रफळ, वेळ आणि घनता. के कधी 534, कधी 87.6. कुठं कुठला? काढून बघा. घट मिलिग्रॅममध्ये, घनता ग्रॅम प्रति घन सें.मी.मध्ये. 1 मि.ग्रॅ. म्हणजे 0.001 ग्रॅम. घनतेनं भागलं की घन सेंटिमीटर झाले. चौरस सेंटिमीटरनं भागलं की खोली मिळाली, सेंटिमीटरमध्ये. दहानं गुणलं की मिलिमीटर: म्हणजे 0.01. वेळ तासांत आहे, आणि आपल्याला हवी वर्षाची झीज. वर्षात 8760 तास. 8760 × 0.01 = 87.6. क्षेत्रफळ चौरस इंचात आणि उत्तर मिल्समध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, हवं असेल तर हाच हिशेब 534 वर येतो. तो तुम्ही स्वतः करा, मी इथं करून दाखवत नाही.

गंजाच्या थिअरीत मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती डिफरन्शियल एरेशनला. डोकं सांगतं की जिथं हवा जास्त, तिथं गंज जास्त. प्रत्यक्षात उलटं असतं. जिथं ऑक्सिजन पोचत नाही तो भाग ॲनोड होतो आणि तोच खाल्ला जातो. जिथं ऑक्सिजन भरपूर, तिथं तो पाण्याबरोबर इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड बनवतो, तो कॅथोड. विश्वास बसत नसेल तर उसाची ट्रॉली बघा. उघड्या पत्र्यापेक्षा चासीवर जिथं ओला चिखल चिकटून राहतो, त्या चिखलाखाली खड्डे पडलेले असतात. खानापूरकडच्या पावसात दारांचे लोखंडी खांबही जमिनीत शिरतात त्या जागी आधी जातात. एक फोटो काढून आणा आणि त्यावर ॲनोड, कॅथोड, इलेक्ट्रॉनची दिशा पेननं लिहा. परीक्षेतली आकृती तीच आहे.

जस्ताचा पत्रा आणि कथिलाचा पत्रा यांतला फरकही असाच आकड्यांवरून धरा. प्रमाण इलेक्ट्रोड पोटेन्शियल: जस्त उणे 0.76 व्होल्ट, लोखंड उणे 0.44, कथील उणे 0.14. जस्त लोखंडापेक्षा खाली, म्हणून चरा पडला तरी आधी जस्त जातं आणि लोखंड वाचतं. कथील लोखंडापेक्षा वर, म्हणून चरा पडल्यावर लोखंडच ॲनोड होतं आणि वेगानं गंजतं. उद्यमबागमध्ये एखाद्या प्लेटिंगच्या शॉपमध्ये ओळख असेल तर एकदा जाऊन या. ॲसिडच्या टाकीत बुडवून गंज काढणं, मग पाण्यात धुणं, मग प्लेटिंगची टाकी, हा क्रम डोळ्यांनी पाहिला की "पिकलिंग"वरचा पाच मार्कांचा प्रश्न विसरणं अवघड. तिथं मात्र कशाला हात लावू नका. त्या टाक्यांत ॲसिड असतं, काही ठिकाणी सायनाइडही.

0.0591 आणि बाकीचे

नर्न्स्टचं समीकरण भीतीदायक दिसतं ते लॉगमुळे. 0.0591 असा येतो: 2.303 × 8.314 × 298 ÷ 96500. म्हणजे वायूचा स्थिरांक, 25 अंश सेल्सिअसचं केल्विनमधलं तापमान, फॅरेडेचा स्थिरांक, आणि नैसर्गिक लॉग दहाच्या लॉगमध्ये नेणारा 2.303. कॅल्क्युलेटरवर एकदा स्वतः करा. त्यातून एक गोष्ट हाती लागते: तापमान 25 अंश नसेल तर 0.0591 चालत नाही. प्रश्नात 35 अंश दिलं असेल तर ती जाणूनबुजून टाकलेली अट असते. दुसरी गोष्ट, तपासणीसाठी: एका इलेक्ट्रॉनच्या सेलमध्ये तीव्रता दहापट झाली की 59 मिलिव्होल्ट सरकतात, दोन इलेक्ट्रॉनच्या सेलमध्ये साडेएकोणतीस. 0.01 आणि 0.1 मोलर कॉपर सल्फेटच्या कॉन्सन्ट्रेशन सेलचं उत्तर 0.0296 व्होल्टच्या आसपास यायला हवं. 0.059 आलं तर एनच्या (इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या) जागी 2 टाकायचं राहिलंय.

इंधनाच्या गणितात नेट कॅलरिफिक व्हॅल्यू (प्रत्यक्ष हाती लागणारी उष्णता) काढताना ग्रॉस व्हॅल्यूतून 0.09 गुणिले हायड्रोजनची टक्केवारी गुणिले 587 असं वजा करतात. 2 ग्रॅम हायड्रोजनपासून 18 ग्रॅम पाणी, म्हणजे नऊपट. टक्क्यांसाठी शंभरनं भागलं की 0.09. 587 ही एक ग्रॅम वाफेची सुप्त उष्णता, कॅलरीत. वाफ धुराड्यातून निघून गेली, तिची उष्णता आपल्याला मिळाली नाही, म्हणून वजा. कारखान्यात बॉयलरला घालायच्या बगॅसमध्ये निम्म्याच्या आसपास ओलावा असतो. त्या ओलाव्याचं काय होतं, याचा विचार करून बघा. मग ग्रॉस आणि नेट यांतला फरक कधी चुकणार नाही.

पॉलिमरच्या सरासरी रेणुवस्तुमानाचं गणित मार्क मिळवून देणारं आहे आणि त्यात अवघड काही नाही. 10,000 वस्तुमानाचे 100 रेणू आणि 30,000 चे 100 रेणू: नंबर ॲव्हरेज 20,000. वेट ॲव्हरेज काढताना जड रेणूंचं वजन जास्त धरलं जातं, म्हणून 25,000. वेट ॲव्हरेज नंबर ॲव्हरेजपेक्षा कमी आला तर कुठंतरी गुणाकार चुकलाय, शोधा. लिथियम-आयन बॅटरी: आकृती स्वच्छ काढा, डिस्चार्जमध्ये लिथियम आयन ग्राफाइटकडून कॅथोडकडे जातो हे बाणानं दाखवा, दोन्ही अभिक्रिया लिहा. नॅनोमटेरियल आणि डिस्प्लेचा भाग वाचून पाठ करावाच लागतो. त्यासाठी शेवटचे दिवस पुरतात.

लॅबमध्ये उभं राहताना

ब्युरेट ज्या द्रावणानं भरायची त्यानंच विसळा. पिपेटही तसंच. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड पाण्यानं, नाहीतर मोजून घेतलेल्या मालात न मोजलेला माल मिसळतो. पिपेटला तोंड लावू नका, बल्ब वापरा. टोकाला उरलेला थेंब फुंकू नका, पिपेट तो धरूनच मापलेली असते. रीडिंग डोळ्याच्या रेषेत, द्रावणाच्या वाटीसारख्या पृष्ठभागाच्या तळाला. दोन रीडिंग 0.1 मि.ली.च्या आत जुळली की थांबा. जुळली नाहीत तर तिसरं करा. जुळवून लिहू नका. ते तपासणाऱ्याला कळतं, आणि तुमच्या हाताला काहीच शिकायला मिळत नाही.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टात दिवसा ट्यूबलाइट लावावी लागते, इतकं भरून येतं. त्या उजेडात लालसर ते निळा हा बदल फसवतो. फ्लास्कखाली पांढरी टाइल किंवा कोरा कागद ठेवा, आणि पहिल्या टायट्रेशनचा फ्लास्क ओतून न देता रंगाच्या तुलनेसाठी शेजारी ठेवा.

लोखंडाच्या खनिजाच्या प्रयोगात स्टॅनस क्लोराइड थेंबाथेंबानं, पिवळा रंग जाईपर्यंतच, आणि वर एखादा थेंब. मग थंड करून मर्क्युरिक क्लोराइड एकदम घालायचं. रेशमासारखा पांढरा साका आला तर पुढं जा. काळपट आला म्हणजे स्टॅनस जास्त झालं आणि पारा सुटला; ते फेकून नव्यानं सुरू करणं हाच मार्ग. तसंच पुढं रेटलं तर उत्तर चुकतंच. पाऱ्याचे क्षार विषारी आहेत, वेगळ्या बाटलीत गोळा करा, सिंकमध्ये ओतू नका.

कंडक्टोमेट्रीच्या (द्रावणाची विद्युत वाहकता मोजत केलेल्या टायट्रेशनच्या) आलेखाला पाठांतरानं सामोरं जाऊ नका. हायड्रोजन आयनाची वाहकता सुमारे 350, सोडियमची 50, हायड्रॉक्सिलची 198. हायड्रोक्लोरिक आणि ॲसिटिक ॲसिडच्या मिश्रणात सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की आधी वेगवान हायड्रोजन जाऊन मंद सोडियम येतो, म्हणून रेषा झपकन खाली. मग दुर्बल ॲसिडचं मीठ होतं, रेषा हळू चढते. शेवटी मोकळं हायड्रॉक्सिल साठतं, रेषा भरकन वर. तीन आकडे लक्षात असले की आलेख कोऱ्या कागदावर काढता येतो.

आठवड्याची मांडणी

लॅबच्या आदल्या संध्याकाळी प्रयोग वाचा आणि अपेक्षित उत्तराचा अंदाज वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहा. लॅबनंतर त्याच दिवशी हिशेब पूर्ण करा, दुसऱ्या दिवशीवर टाकू नका. त्यानंतरच त्या प्रयोगाशी जोडलेला थिअरीचा भाग वाचा. खानापूर किंवा निपाणीहून रोज बसनं येणाऱ्यांनी नोट्स बसमध्ये वाचू नयेत, डोळे दुखतात. त्या वेळात एक स्थिरांक मनातल्या मनात काढा. 0.1 नॉर्मल डायक्रोमेट 250 मि.ली. करायला किती ग्रॅम लागेल? रेणुवस्तुमान 294.18, सहा इलेक्ट्रॉन, म्हणून 49.03, त्याचा चाळिसावा भाग, 1.2258 ग्रॅम. येळ्ळूर रस्त्याचा फाटा येईपर्यंत होतं.

मोल, मोलॅरिटी, नॉर्मॅलिटी यांत गोंधळ असेल तर लाज न बाळगता पीयूसीचं पहिल्या वर्षाचं पुस्तक परत काढा. चार दिवस त्याला द्या. त्याशिवाय वरचं काहीच उभं राहणार नाही, आणि हा पाया कॉलेजमध्ये कुणी परत घालून देत नाही.

समजून मराठीत घ्या, मोठ्यानं बोला, मैत्रिणीला सांगा. पण लिहायचा सराव पहिल्या आठवड्यापासून इंग्रजीत. रोज एक उत्तर, अर्धं पान, घड्याळ लावून. पेपरमध्ये प्रत्येक मॉड्यूलमधून एक पूर्ण प्रश्न सोडवायचा असतो, त्यामुळे एखादं मॉड्यूल साफ सोडून चालत नाही. पण प्रत्येक मॉड्यूलमधलं गणित आणि आकृती पक्की असेल तर पास होण्याची काळजी उरत नाही. मागच्या पेपरांतली गणितं एकत्र करा, एककं बदलून तीच परत सोडवा. स्कीम (विद्यापीठाचा अभ्यासक्रम) बदलली की धडे इकडचे तिकडे होतात, म्हणून पेपर कुठल्या स्कीमचा आहे ते आधी बघून घ्या.

उत्तरात एकक लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवू नका. 280 एवढंच लिहिलं तर मार्क कापतात, आणि कापायलाच हवेत.

प्रॅक्टिकल परीक्षेत रीडिंग थेट पेननं, तक्त्यात, जसं आलं तसं. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी नवीन लिहा आणि सुपरवायझरची सही घ्या. व्हायवाला परीक्षक बहुधा तुमच्याच तक्त्यातला एखादा आकडा बोटानं दाखवून "हा कसा आला?" असं विचारतात. तिथं सूत्राचं नाव सांगू नका. फ्लास्कमध्ये काय होतं, त्यात काय पडलं, कशाला कुणी धरलं, तिथपासून सांगायला लागा. इंग्रजी अडलं तर थांबा, श्वास घ्या, छोटं वाक्य करा. बेळगावच्या परीक्षकांना मराठी नाहीतर कन्नड कळतं, आणि एखादा शब्द मराठीत गेला म्हणून कुणी मार्क कापल्याचं मी पाहिलेलं नाही.